माळवदावरचं फडकं

भाकऱ्या झाकायचं पांढरं फडकं माणसानं घरातून उचलून न्यावं, काठीला बांधावं आणि चौकात उभं राहून "बघा किती काळं झालंय" म्हणत जगाला दाखवावं, ही कुठली रीत झाली? चोरानं नेलं असतं तर दानम्माला एवढं लागलं नसतं. चोर निदान नेलेली वस्तू लपवून ठेवतो.

हे नेणारा घरचाच होता. विरुपाक्ष, तिचा धाकटा दीर. मैंदर्गीहून नवरी होऊन ती सोलापुरात या घरात आली तेव्हा हे पोर नाक ओढत उंबऱ्यावर बसलेलं. सासू लवकर गेली. मग त्याला न्हाऊमाखू घालणं, शाळेत ढकलणं, तापात कपाळावर पट्टी ठेवणं, सगळं दानम्मानंच केलं. नवरा गुरुसिद्धप्पा गेला तरी विरुपाक्षाचं ताट तिच्याच चुलीपुढं पडत राहिलं. बाळी वेशीजवळ त्याचं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक फळी आणि वर पत्रा. पण बंद पडलेला स्टोव्ह पेटवावा तर विरुपाक्षानं, असं बायका म्हणायच्या. लग्न त्यानं केलं नाही. का, ते दानम्मानं एकदाच विचारलं होतं, तर तो नुसता हसला. हसून उत्तर देणाऱ्या माणसावर तिचा तेव्हापासूनच विश्वास नव्हता.

आणि आता हा माणूस आमदारकीला उभा होता.

आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं आणि ज्याला त्याला वाचा फुटली होती. गिरणीच्या बोळांतून रोज नव्या झेंड्याची जीप फिरायची. मोठ्या पक्षांना जीप, कर्णे, वडापावाची सोय. विरुपाक्ष अपक्ष. त्याची स्वतःची सायकल आणि स्वतःचाच घसा. त्यानं निशाणी मागितली सूर्य, मिळाला उंट. सोलापुरात उंट दिसतो तो गड्ड्याच्या जत्रेत, पोरांना पाठीवर फिरवायला आणतात तेवढाच. विरुपाक्ष सायकलवर टांग मारून निघाला की बोळातली पोरं मागून ओरडायची, "ए उंट, मान खाली घाल, वर तारा हायत!"

इथवर दानम्मानं सोसलं. घरात एखादा वेडा असतोच, तो उभा राहिला काय आणि बसला काय. पण मग भाकऱ्यांवरचं फडकं नाहीसं झालं.

भाकरी म्हणजे साधी नव्हे, कडक भाकरी. शाळूचं पीठ पापडासारखं पातळ थापायचं, तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला टेकवून उभी करायची, मग वर माळवदावर, घराच्या सपाट मातीच्या छपरावर, उन्हात घालायची. दानम्माची भाकरी महिनाभर टिकायची आणि दाताखाली अशी वाजायची की शेजारच्या घरी ऐकू जावं. नव्या पेठेतले दुकानदार चळतीच्या चळती उचलायचे. लग्नाचं वऱ्हाड लांब जाणार असलं की तिच्याकडे माणूस आधी यायचा. मुलगा निंगप्पा गिरणीत सांच्यावर, म्हणजे मागावर होता खरा, पण घर उभं होतं ते भाकरीवर, आणि हे दानम्मा कुणाला विसरू देत नसे.

तर एके संध्याकाळी ती पदर डोक्यावरून पुढं ओढून चौकात गेली. पानपट्टीच्या मागं, अंधाराला धरून उभी राहिली. दिराचं भाषण ऐकायला नव्हे. याच्या मागं कोण उभं आहे ते बघायला.

कारण तिचा एक हिशेब पक्का होता. फायद्याशिवाय माणूस घसा फोडून घेत नाही. फायदा दिसत नसेल तर तो मोठा असतो, म्हणून लपवलेला असतो. आधी लोक म्हणाले, हा चुली बंद करा म्हणतो, म्हणजे याला स्टोव्ह खपवायचे आहेत. ते तिला पटलंही होतं. पण दुसऱ्या दिवशी हा म्हणाला, रॉकेलही नको, रॉकेलच्या रांगा नकोत, स्टोव्हही नकोत. आता बोला! न्हाव्यानं दाढ्या राखा म्हणून गावभर सांगत फिरावं, तसलं हे. स्वतःच्या पोटावर पाय देणाऱ्या माणसाला दुसरीकडून काही मिळत असणार, नाहीतर तो वेडा असणार. आणि याला वेडा म्हणावं तर बर्नर अजून नीट साफ करत होता.

विरुपाक्ष खोक्यावर उभा होता. समोर पंधरा-वीस माणसं, त्यातली निम्मी पानाला आलेली.

"सोलापूरला देवानं काय दिलं?" तो ओरडला. "नदी न्हाय दिली, डोंगार न्हाय दिला. ऊन दिलं, ऊन! आणि त्ये रोज फुकट जातंय. उन्हावर डाळ शिजती, मी शिजवून दावतो. काळी पेटी, वर काच, आत पातेलं."

"आज ऊन म्हणतोय," गर्दीतला एक जण म्हणाला, "उद्या उन्हाला मीटर बसवंल."

"आमच्या उन्हाला हात लावायचा न्हाय हां!" दुसरा म्हणाला आणि सगळे हसले.

"हसा. पर ऐका. परत्येक बोळात एक टाकी. सगळ्यांनी आपापल्या म्हशीचं शेण त्यात टाकायचं. त्याचा गॅस हुतो. नळीनं घराघरात जातो. धूर न्हाय, काजळी न्हाय."

"आणि गोवऱ्या कशाच्या लावू?" म्हशीवाली एक बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तुज्या उंटाच्या?"

एक म्हातारा इतका वेळ गप्प विडी ओढत होता. तो शांतपणे बोलला, "टाकी जमिनीत पुरणार म्हणतोय. गॅस भरलेली. कवातरी भडका उडंल. बोळ मोकळी हुईल. ही जागा कुणालातरी पायजेच आसंल की."

हे मात्र सगळ्यांना एकदम पटलं. माना हलल्या. दानम्मालाही क्षणभर वाटलं, हेच असणार.

मग विरुपाक्षानं काठी उंच धरली. काठीला मांजरपाटाचं फडकं. मध्ये राखाडी, काळपट, डागाडागांचं.

"हे एका रातीचं. संध्याकाळी पांढरंफेक आंथरलं, सकाळी हे आसं! त्या चिमणीनं केलं हे." त्यानं गिरणीच्या धुराड्याकडं बोट केलं. गिरणीच्या त्या उंच धुराड्याला सगळं गाव चिमणीच म्हणायचं. "गिरणी चालू दे, मी कुटं न्हाय म्हणतो? पर चिमणीला जाळी बसवा. मी कलेक्टरला अर्ज दिलाय. हे आपल्या छातीत जातंय, आपल्या भाकरीवर पडतंय!"

आता हसणं थांबलं. चिमणी म्हणजे थट्टा नव्हती. त्या बोळांत सकाळी डोळे उघडले की आधी माणूस वर बघायचा. चिमणीतून धूर निघतोय म्हणजे पाळी चालू, पगार चालू. संपात, टाळेबंदीत ती चिमणी कोरडी उभी राहिलेली सगळ्यांनी पाहिली होती. बायका लेकरांना ती धुरासकट दाखवायच्या, इतर ठिकाणच्या बायका चांदोबा दाखवतात तशा.

"धूर बंद म्हंजे गिरणी बंद," कुणीतरी खालच्या आवाजात म्हणालं.

"बंद न्हाय, जाळी..."

"कोण देतंय रं तुला पैकं ह्ये बोलायला?"

तेवढ्यात रंभाबाई पुढं सरकली. ही शेजारीण, गिरणीत कांड्या भरायच्या खात्यात होती. डोळे घारीचे. "अगं बाई, हे फडकं दानम्माच्या भाकरीवरचं न्हवं?"

आणि तो खुळा छाती पुढं काढून म्हणाला, "व्हय! आमच्या वैनीचंच!"

पानपट्टीमागं उभ्या असलेल्या दानम्माला वाटलं, आपला पदर कुणीतरी भर चौकात ओढला.

नव्या पेठेतल्या दुकानदारानं दुसऱ्या दिवशी चळत हातात घेतली, उजेडात धरली, उलटी केली आणि परत दिली. "दोन-चार दिवसांनी बघू, दानम्मा," एवढंच म्हणाला. लग्नाच्या भाकऱ्या सांगायला आलेला माणूस पाणी पिऊन, हवापाण्याच्या गप्पा मारून उठला. रंभाबाईनं बोळात सांगितलं की आता आमच्या घरी भाकरी झटकून खातात. दानम्मानं तिला ऐकवलं, "झटकत जा की, तुमच्या घरात तेवढाच व्यायाम." पण घरी येऊन ती चुलीपुढं बसली तेव्हा हात थापायला उठेना.

त्या दुपारी विरुपाक्ष जेवायला आला. तिनं ताट वाढलं. भाकरी, शेंगाची चटणी, पिठलं. वाढायचं तिनं कधी चुकवलं नव्हतं, शिव्या द्यायच्या त्या जेवताना द्यायच्या.

"कोण हाय तुज्या मागं?"

"कुणीबी न्हाय, वैनी."

"खोटं. दुसऱ्या गिरणीवाल्यानं उभं केलंय तुला. हिची बदनामी, तेचा धंदा."

"दुसऱ्या गिरणीलाबी चिमणी हायच की."

"मग गॅसवाल्यानं."

"शेणाला वाला कुटला?" तो हसला.

"हसू नगंस. तुज्या हसण्याचाच मला संशय येतो. भाकरी परत येतीय माजी. माज्या घरचं फडकं नेतोस आणि माजंच नाव घेतोस. का? गावात दुसऱ्या कुणाचं माळवद न्हाय?"

त्यानं मान खाली घालून चटणीत तेल ओतलं. कोपऱ्यात सून ईरम्मा भाकरी भाजत होती. चुलीतली तुराटी ओलसर होती, धूर भपकन बाहेर आला आणि ईरम्मा खोकायला लागली. तो तिचा नेहमीचाच खोकला होता, घरातल्या जात्याच्या आवाजासारखा. विरुपाक्षानं तिकडं पाहिलं, मग दानम्माच्या डोळ्यांकडं. ते लाल होते, पाण्यानं भरलेले. रडून नव्हे. चुलीपुढं जन्म गेलेल्या बायकांचे तसेच असतात.

"काय बघतोस?"

"काय न्हाय," तो म्हणाला.

ती चूल म्हणजे त्या दोघांतलं जुनं भांडण. काही वर्षांमागं, ती मैंदर्गीला माहेरी गेली असताना, या शहाण्यानं तिची चूल पाडून बिनधुराची चूल घातली होती. मातीची, सगळीकडून बंद, मागं पत्र्याची नळी माळवदाबाहेर काढलेली. ती आली, तिनं भाकरी थापली, तव्यावरून काढली आणि बघते तर निखाऱ्याला टेकवायला जागाच नाही. पुढचं तोंड बोटभर! भाकरी कडक व्हायची कशी? तिनं मुसळ उचललं आणि नळीसकट चूल जमीनदोस्त केली. "परत माज्या चुलीचं नाव काढलंस तर ताट बंद," असं सांगितलं. त्यानं परत नाव काढलं नाही. माळवदाला धूर जायला ठेवलेलं जुनं साणं होतं, त्या भोकातून जाईल तेवढा धूर जायचा, उरलेला घरातली माणसं प्यायची.

त्या दिवशी तिनं सगळी फडकी पेटीत घालून वर कुलूप लावलं. तर पठ्ठ्यानं स्वतःचं धोतर फाडलं आणि रोज संध्याकाळी त्याचा धुतलेला तुकडा माळवदावर अंथरायला लागला. धोतर त्याचं असल्यामुळं तिला काही बोलता येईना.

मग हिंदुराव आला. हा गिरणीतला जॉबर, निंगप्पा त्याच्याच हाताखाली. अंगात खादीचा नवा शर्ट, कारण मोठ्या पक्षाच्या उमेदवारासाठी तो फिरत होता. उंबऱ्यातच बसला.

"काकू, तुमची भाकरी म्हंजे भाकरी. मी म्हणतो, गिरणीच्या कँटीनला रोज का न्हाय घ्यायची?"

"आजवर का न्हाय घेतली?" दानम्मा म्हणाली.

"तसं न्हाय. विरुपाक्षाला जरा सांगा. घरात बसावं. म्हंजे कसं, निंगप्पालाबी बरं."

निंगप्पाचं नाव त्यानं असं घेतलं, जसं मटण विकणारा सुरी पुसतो. दानम्माला सगळं कळलं. पण हिंदुराव गेल्यावर तिला वेगळाच संशय लागला. उंटाला मत कोण देणार? पोरंसुद्धा देणार नाहीत. मग मोठ्या पक्षाचा माणूस उंबऱ्यात येऊन बसतो कशाला? म्हणजे याच्या मागं खरंच कुणी आहे, आणि ते हिंदुरावाला ठाऊक आहे, आपल्यालाच नाही. जिच्या हातचं खाऊन हा वाढला, तिलाच ठाऊक नाही. ते तिला भाकरी परत येण्याहून जास्त झोंबलं.

तिनं हिंदुरावाला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

मतदान तोंडावर आलं होतं. एका संध्याकाळी गिरणीचा भोंगा वाजला नाही. भोंगा बिघडला असेल म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही. सकाळी बायका नळावर आल्या, सवयीनं वर पाहिलं, आणि घागरी भरायच्या राहिल्या.

चिमणी कोरडी होती.

रात्रपाळीचे लोक परत आले होते. सकाळपाळीवाले फाटकापर्यंत जाऊन उलटे फिरले. "बॉयलर बंद हाय, घरी जावा" एवढंच फाटकावर सांगितलं होतं. का बंद, किती दिवस, काही नाही. आणि ज्या गोष्टीचं कारण कुणी सांगत नाही तिचं कारण लोक स्वतः शोधतात.

"त्यानं अर्ज दिला हुता न्हवं का कलेक्टरला!"

"चिमणी बंद करा म्हणून!"

"आणीबाणीत आसंच व्हायचं, एक कागद गेला की काम बंद."

काल ज्याला उन्हाचा मीटरवाला म्हणून हसत होते, तोच आज गिरणी बंद करणारा झाला. दिवस वर यायच्या आत दानम्माच्या दारापुढं बोळ भरली. विरुपाक्ष न्याहारीला आलेला, हातात अर्धी भाकरी. पुढं हिंदुराव. तो ओरडत नव्हता, नुसता बाजूला सरकून लोकांना वाट करून देत होता.

"बाहीर काढा त्याला!"

दानम्मा त्याला म्हणाली, "जा, आणि सांग की मी कायबी केलं न्हाय. माज्यानं घरचा दिवा बंद हुत न्हाय म्हणावं. जा."

विरुपाक्ष पायरीवर आला. समोर माणसंच माणसं. आणि सगळी गप्प. चौकात खोक्यावर उभा राहून ज्यानं घसा फोडला आणि ज्याचं कुणी पुरतं वाक्य ऐकलं नाही, त्याच्या तोंडाकडं आता सगळी बोळ बघत होती. हा काय बोलतो, यावर घराघरातली चूल होती. दानम्मा मागून बघत होती. तिला त्याची मान दिसली. ती हळूहळू वर गेली, थेट त्याच्या निशाणीसारखी.

"अर्ज," तो म्हणाला, "मी दिला हुता."

एवढंच. खोटं नव्हतं. पण जे म्हणायचं होतं ते त्यानं म्हटलं नाही.

बोळ खवळली. कुणीतरी धोंडा भिरकावला. तो त्याच्या खांद्याला लागून आत आला आणि भाकऱ्यांच्या चळतीत घुसला. भाकऱ्या काचेसारख्या फुटल्या. ईरम्मा किंचाळली. दोन हात विरुपाक्षाच्या सदऱ्याला लागले.

"साकु!" दानम्मा ओरडली. राग डोक्यात गेला की तिच्या तोंडात कानडीच यायची. पण त्या गलक्यात बस म्हटलेलं कुणाला ऐकू जाणार? ती मागच्या शिडीनं माळवदावर चढली. वरून ओरडलं की आवाज बोळभर जातो, हे तिला पोरांना हाका मारून ठाऊक होतं.

वर आली आणि तोंड उघडायच्या आधी तिला ते धोतर दिसलं. चार कोपऱ्यांवर चार दगड. संध्याकाळी अंथरलेलं. आणि मधोमध काळं.

तिनं चिमणीकडं पाहिलं. कोरडी, काल संध्याकाळपासून. तिनं परत धोतराकडं पाहिलं. खाली वाकून बोटानं घासलं. गिरणीची काजळी खरखरीत असते, वाळूसारखी. जन्मभर माळवद झाडलेल्या बाईला ते सांगावं लागत नाही. ही मऊ होती. तेलकट. बोटाला चिकटली ती सुटेना. तुराटीची आणि गोवरीची काजळी.

धोतरापासून हातभर अंतरावर साणं होतं. त्यातून ईरम्माच्या चुलीचा धूर वर येत होता आणि वाऱ्यानं वाकून नेमका त्या धोतरावर लोळत होता.

एवढं मोठं माळवद सोडून त्यानं नेमकं इथं अंथरलं होतं. रोज इथंच. स्टोव्हच्या काजळीत हात काळे करून जगलेल्या माणसाला ही काजळी कुठली ते कळलं नसेल, हे दानम्माला कुणी सांगून पटलं नसतं.

खाली सदरा फाटल्याचा आवाज आला.

हे धोतर पेटीत गेलं तर तिची भाकरी स्वच्छ होती. दोष चिमणीचा होता, गिरणीचा होता, जगाचा होता. लोकांना दाखवलं तर दोष तिच्या चुलीचा. मैंदर्गीच्या लेकीच्या चुलीचा.

तिनं दगड लाथेनं उडवले आणि धोतर दोन्ही हातांनी कठड्यावरून खाली सोडलं.

"हिकडं बघा! ए हिंदुराव, तूबी बघ, नवा शर्ट घालून आलास न्हवं!" तिचा आवाज चिरत गेला. "कालच्या सांजेला आंथरल्यालं हाय हे. चिमणी कवापासनं बंद हाय?"

"कालच्या सांजेपासनं," कुणीतरी म्हणालं.

"मग हे काळं कुणी केलं?"

माना वर झाल्या. सदरा धरलेले हात सैल पडले.

"म्या केलं! माज्या चुलीनं! हे साणं, हा धूर, ही काजळी. ह्यो माणूस गिरणी बंद करनार? आरं, ह्येला वैनीची चूल बंद करता आली न्हाय आजवर! गिरणी काय बंद करतोय?"

आधी मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग एक बाई. मग सगळी बोळच हसायला लागली. भीती उतरली की माणसं फार हसतात. "वैनीची चूल!" म्हणत पोरं नाचली. उंटाची होती नव्हती ती निवडणूकसुद्धा त्या हसण्यात वाहून गेली. आता त्याला मारण्यात अर्थ उरला नव्हता, आणि मत देण्यातही.

"म्हंजे भाकरीवर काजळी दानम्माचीच की!" रंभाबाई खालून म्हणाली. ती सोडते काय!

"माजी काजळी, माजी भाकरी," दानम्मा वरून म्हणाली. "चुलीत घातल्याबिगर कुणाची भाकरी हुती ते दाव आदी. तू काय कच्चं पीठच खातीस?"

हिंदुराव शर्टाची घडी सारखी करत निघून गेला. बॉयलरची नळी फुटली होती, एवढंच. दुसऱ्या दिवशी चिमणी परत धुरायला लागली आणि लोकांना अर्जाची आठवणही राहिली नाही. पण ते नंतर.

दानम्मा खाली आली तेव्हा विरुपाक्ष फुटलेल्या भाकऱ्यांचे तुकडे वेचत बसला होता. खांदा सुजत होता. ती त्याच्यासमोर चुलीपुढं बसली.

"साण्याजवळ का आंथरत हुतास?"

तो तुकडे वेचत राहिला.

"तुला ठावं हुतं. बोल."

"गिरणीचीबी पडतीच की, वैनी," तो म्हणाला. "वारा हिकडचा आसला की पडती. त्ये खोटं न्हाय."

"आणि ही?"

त्यानं ईरम्माकडं पाहिलं. ईरम्मा पदर तोंडात धरून खोकला दाबत होती.

"सायबाचं, सरकारचं नाव घेता येतं," तो म्हणाला. "तुमच्या चुलीचं नाव घेतलं आसतं तर ताट बंद झालं आसतं. तुमीच म्हणला हुता. मला वाटलं, बोळात गॅस आला तर तुमालाबी आपसूक ईल. मला सांगावं लागणार न्हाय."

बाहेर अजून कुणीतरी हसत होतं. दानम्मानं चुलीतली ओली तुराटी ओढून बाहेर काढली आणि राखेत दाबली. इतके दिवस ती शोधत होती, याच्या मागं कोण आहे. गिरणीवाला, गॅसवाला, जागेवाला, सगळे धुंडाळून झाले होते. आणि मागं कोण, तर ती स्वतः, हातात मुसळ घेऊन. तिला हसू आलं असतं, पण मघाशी पायरीवर, सगळे ऐकताहेत म्हणून वर गेलेली ती मान तिला अजून दिसत होती. तीही त्याचीच होती.

तिनं त्याच्या हातातले तुकडे काढून घेतले, ताटात टाकले, वर चटणी वाढली आणि ताट त्याच्यापुढं सरकवलं.

"ऐक, विरुपाक्षा," ती म्हणाली. "लबाड न्हाईस तू. माजा संशय तेवढा चुकला. पर भेकड हायस. सगळ्या सोलापूरपुढं उभा ऱ्हायलास, शिव्या खाल्ल्यास, धोंडा खाल्लास, आणि माज्या चुलीपुढं उभं राहून 'वैनी, तुमची चूल वाईट हाय' एवढं म्हणायला तुजी जीभ उचलली न्हाय. आणि मगाशी लोक गप झाले तवा 'मी केलं न्हाय' म्हणायलाबी उचलली न्हाय. नळी बसवायची आसंल तर बसव परत. पुढचं तोंड उघडं ठेव, भाकरी उभी ऱ्हायली पायजे. पर माजं मत तुला न्हाय. घरातल्या बाईला भ्येणारा माणूस मुंबईला जाऊन कुणाला काय सांगनार?"